भय कुठल्या सालातले?

सांजावले की आजी दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात. दागिन्यांची डबी ज्वारीच्या पिंपात दडवतात. गणवेशातला कोणी दारात उभा राहिला, तर मुकाट्याने आतल्या खोलीत निघून जातात. घरच्यांना वाटते, वय झाले, आता असे चालायचेच. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या घरात हे घडू लागले, तर वयाबरोबर सालाचाही हिशेब करावा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण जालना, अंबड, भोकरदन, परतूर हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. पुढच्या तेरा महिन्यांत सत्याग्रहींच्या वाट्याला लाठी आणि तुरुंग आले, तर गावकऱ्यांच्या वाट्याला कासीम रझवीच्या रझाकारांचे छापे, लूट आणि जाळपोळ. अनेक कुटुंबे घरदार सोडून संस्थानाबाहेर गेली. जालन्याहून वऱ्हाडातले देऊळगाव राजा तसे जवळच. पण लेकरे काखेत घेऊन निघालेल्यांना ते अंतर केवढे वाटले असेल! १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत.

हे भय एकाच समाजाच्या वाट्याला आले, असे मात्र समजू नये. कारवाईनंतर मराठवाड्यात असंख्य निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदवला. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. वाड्यातल्या आजींचे मौन आणि मोहल्ल्यातल्या दादींचे मौन एकाच वर्षातले असू शकते.

इतकी वर्षे हे भय कुठे होते? संसार, शेती, नोकरी यांच्या धबडग्यात मन त्याला मागे सारत राहते. निवृत्ती, जोडीदाराचा वियोग किंवा आजारपण यांमुळे ती गर्दी ओसरली, की ते वर येते. स्मृतिभ्रंशात तर नव्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या अधिक काळ टिकतात. नातवाचे नाव विसरलेल्या आजींना १९४८ची रात्र कालची वाटू शकते. दिवेलागणीला गोंधळ वाढणे हेही त्या आजारात नेहमी दिसते.

अशा वेळी ‘उगाच घाबरता’ म्हणून झिडकारू नये, आणि ‘काय झाले होते ते सांगाच’ असा आग्रहही धरू नये. ‘आजी, कडी लावली आहे, मी इथंच बसलेय,’ एवढे पुष्कळदा पुरते. रात्री मंद दिवा असू द्यावा. त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालू नये. झोपेतून उठवायचे तर अंगाला हात लावण्याआधी नावाने हाक मारावी आणि आपण कोण ते सांगावे. त्या आपणहून बोलू लागल्या, तर ऐकावे. तारखा चुकल्या तरी दुरुस्त करीत बसू नये.

खरी कसोटी लागते ती रुग्णालयात. छळ सोसलेल्यांच्या उपचारासाठी डॉ. इंगे गेनेफके यांनी १९८२ मध्ये कोपनहेगन येथे केंद्र स्थापन केले. अशा रुग्णांबाबतचा डॉक्टरांचा अनुभव सांगतो, की प्रखर दिवा, अंगाला लावायच्या तारा, कपडे काढायची सूचना, एवढ्यानेही ते भेदरतात. म्हणून प्रत्येक कृतीआधी ती समजावून सांगायची आणि संमती घ्यायची. आपल्याकडे सलाइनची सुई निघू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाचे हात पलंगाला बांधले जातात. ज्याने लहानपणी आपल्या वडिलांचे बांधलेले हात पाहिले असतील, त्याच्यावर याचा काय परिणाम होत असेल? पर्याय काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. घरचे माणूस उशाशी बसले, चष्मा आणि कानाचे यंत्र जागेवर असले, तर बांधण्याची वेळ पुष्कळदा येतच नाही.

मात्र सगळेच इतिहासावर ढकलू नये. भ्रम एक-दोन दिवसांत एकाएकी उद्भवला, तर लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, नवे औषध अशी कारणे असू शकतात. तेव्हा डॉक्टरांना त्वरित दाखवावे. झोपेत ओरडणे, लाथा झाडणे हे कधी कधी कंपवाताचे पूर्वचिन्ह असते. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांनी पडण्याचा धोका वाढतो, भ्रमही वाढू शकतो.

स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचे किंवा भूमिगत राहिल्याचे पुरावे लागतात, आणि ते रास्तच आहे. पण कणगीआड श्वास रोखून बसलेल्या मुलीजवळ कुठला कागद असणार? तिची नोंद घरच्यांनाच ठेवावी लागेल. रुग्णालयात भरती करताना मधुमेह, रक्तदाब यांच्या जोडीने डॉक्टरांना हेही सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे: ‘लहानपणी १९४८ची धामधूम पाहिलेली, गणवेश, आरडाओरडा आणि बांधणे यांना घाबरतात.’ रात्रीबेरात्री सांभाळणाऱ्याचाच धीर सुटू लागला, तर टेलिमानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतून बोलता येते.