अम्मी, मला जायचंय!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून मी शिलाईच्या मशीनवर बसले होते. एका गिऱ्हाइकाचा कुर्ता दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तेवढ्यात माझी लेक दारात येऊन उभी राहिली. वय सोळा, नुकतीच अकरावीत गेलेली. चेहरा बघूनच कळलं की काहीतरी मागायला आलीय.

"अम्मी, मुंबईला कॉमिक कॉन आहे. मला जायचंय."

मला शब्दही नवा होता. तिने समजावून सांगितलं. चित्रकथा, सुपरहिरोंचे चित्रपट, मालिका यांच्या चाहत्यांचा तो मेळावा. लोक आपल्या आवडत्या पात्राचा पोशाख करून येतात. चित्रकार येतात, कधी कधी पडद्यावरचे कलाकारही येतात. तिच्या आवडत्या परदेशी मालिकेतला एक कलाकार या वेळी येणार होता. त्याच्याशी बोलता येणार होतं, सही घेता येणार होती.

तिचे अब्बा आतून ऐकत होते. त्यांनी तिथूनच निकाल दिला. "नटांच्या मागे धावायला चिपळूणहून मुंबईला? काही गरज नाही." लेक काही न बोलता आत गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावलं.

नानीची पत्र्याची पेटी

त्या रात्री मला माझ्या अम्मीची आठवण झाली. अम्मी दिलीपकुमार यांची चाहती. पेशावरला 1922 मध्ये जन्मलेले हे यूसुफ खान लहानपणी काही वर्षं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत शिकले, याचं तिला फार अप्रूप. जणू ते आमच्या नात्यातलेच. वर्तमानपत्रातून कापलेला त्यांचा एक फोटो तिने पत्र्याच्या पेटीत, निकाहच्या ओढणीखाली ठेवला होता. लग्नानंतर एकदा मुंबईला गेलेली असताना तिने माझ्या अब्बांना म्हटलं होतं, "पाली हिलवर त्यांचा बंगला आहे म्हणे. नुसता बाहेरून बघून येऊ." अब्बा हसले. रागावले नाहीत, फक्त हसले. अम्मीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

7 जुलै 2021 रोजी दिलीपकुमार गेल्याची बातमी आली, तेव्हा अम्मीने पेटी उघडली. फोटो पिवळा पडला होता. तिने दुवा केली आणि पेटी बंद केली. साधीशीच इच्छा होती. पूर्ण झाली नाही म्हणून तिचं काही अडलं नाही. पण इतकी वर्षं ती तिच्या मनात होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कमलाचे अब्बा

दुसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, "तुला एवढं काय आवडतं ते मला दाखव." तिने 'मिस मार्वल' ही मालिका लावली. 2022 मध्ये आलेली, सहा भागांची. कमला खान ही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी वंशाची मुलगी. घरी अम्मी, अब्बू, मोठा भाऊ. शाळा, मशीद, नातेवाईक आणि डोक्यात चोवीस तास सुपरहिरो. कॅप्टन मार्वल तिची सर्वांत आवडती.

पहिल्याच भागात आमच्या घरातला प्रसंग! कमलाला चाहत्यांच्या मेळाव्याला जायचं असतं आणि घरचे नको म्हणतात. मग आईवडील आपल्या परीने मार्ग काढतात. जायचं तर अब्बूंबरोबर. अम्मीने दोघांसाठी हल्कचे हिरवे सलवार-कमीज तयार ठेवलेले असतात. अब्बू तर तोंडाला हिरवा रंग लावून, मोठ्या उत्साहात समोर येतात. मुलीला मात्र लाज वाटते आणि ती तसं बोलूनही जाते. अब्बूंचा चेहरा उतरतो. नंतर ती रात्री चोरून मेळाव्याला जाते आणि पुढचं सगळं रामायण घडतं.

मी पडद्याकडे बघत होते आणि आमचे हे दाराशी उभे राहून बघत होते. कमलाच्या अब्बूंचा उतरलेला चेहरा त्यांनीही पाहिला. मालिकेच्या शेवटी कमलाचा खरा पोशाख तिची अम्मीच तिला करून देते. तिथे माझे डोळे भरून आले. शिलाई करणाऱ्या बाईला अशा गोष्टी लवकर भिडतात. ही अम्मी झालेली जेनोबिया श्रॉफ मुंबईची पारशी अभिनेत्री आहे, हे लेकीने मला अभिमानाने सांगितलं.

मूळ चित्रकथा 2014 मध्ये सुरू झाली. संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन या दोघी मुस्लिम स्त्रियांचा ही नायिका घडवण्यात मोठा वाटा. चित्रकथेत कमला आपला पोशाख बुर्किनीपासून बनवते. पहिल्या खंडाला 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला.

चाहतीच झाली नायिका

कमलाची भूमिका करणाऱ्या इमान वेलानीची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. तिचा जन्म 2002 मध्ये कराचीत झाला, वाढली ती कॅनडात, टोरोंटोजवळच्या मार्कहॅममध्ये. ती स्वतः या चित्रकथांची वेडी वाचक. शाळेत असतानाच तिने मिस मार्वलचा पोशाख घातला होता आणि त्या वेळी ती कोण झालीय हे कुणाला ओळखताच आलं नव्हतं. नायिका शोधण्यासाठी निघालेलं आवाहन तिच्यापर्यंत पोहोचलं ते नात्यातून, व्हॉट्सअ‍ॅपवर. आपल्याकडे लग्नाची स्थळं येतात तसं! 2020 मध्ये तिची निवड झाली. पूर्वी तिने पडद्यावर काही काम केलेलं नव्हतं.

कमलाची आवडती कॅप्टन मार्वल रंगवणाऱ्या ब्री लार्सनबरोबर तिने 2023 च्या 'द मार्वल्स' या चित्रपटात काम केलं. त्याच वर्षी मिस मार्वलच्या नव्या चित्रकथेची ती सहलेखिकाही झाली. म्हणजे जी गोष्ट ती वाचत होती, तीच लिहू लागली. प्रत्येक चाहत्याच्या वाट्याला हे येत नाही. पण चाहतेपण म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असं आता मी म्हणणार नाही. एखादी गोष्ट मनापासून आवडली की मूल ती खोलात शिरून बघतं. त्यातून वाचन येतं, चित्रकला येते, भाषा येते.

हे मेळावे कुठून आले?

अमेरिकेतल्या सॅन दिएगोचा प्रसिद्ध कॉमिक कॉन 1970 मध्ये सुरू झाला. ऑगस्टमधल्या पहिल्या तीन दिवसांच्या मेळाव्याला साधारण 300 लोक होते. आज तिथे सव्वा लाखाहून जास्त माणसं जमतात. 1972 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात 'स्टार ट्रेक' या बंद पडलेल्या मालिकेच्या चाहत्यांनी मेळावा भरवला. काहीशे लोक येतील असा त्यांचा अंदाज होता, आले काही हजार. मालिका पुन्हा जिवंत होण्यात अशा चाहत्यांचा मोठा हात होता. भारतात पहिला कॉमिक कॉन 2011 च्या फेब्रुवारीत दिल्लीला, दिल्ली हाटमध्ये भरला. पुढे मुंबई, बंगळुरू, हैदराबाद इथेही तो भरू लागला.

परदेशातल्या मेळाव्यांत कलाकाराची भेट कशी होते, तेही सांगते. प्रवेशाचं तिकीट वेगळं. सहीचे पैसे वेगळे, फोटोचे वेगळे. कलाकार टेबलामागे बसतो, समोर लांबलचक रांग. सहीच्या वेळी दोन वाक्यं बोलता येतात. फोटोला तर काही सेकंदच मिळतात. उभं राहा, हसा, पुढे चला. तास-दोन तास थांबून एवढंच. तरी लोक जातात, कारण ती दोन वाक्यं त्यांनी कित्येक वर्षं मनात जपलेली असतात.

एका चाहत्याने सांगितलेली गोष्ट

आणि कधी कधी त्या दोन वाक्यांचा परिणाम कलाकारावरही होतो. 'स्टार ट्रेक'मध्ये निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अंतराळयानावरच्या अधिकाऱ्याची, उहुराची भूमिका करत होती. 1960 च्या दशकात अमेरिकेत पडद्यावर कृष्णवर्णीय स्त्री दिसली तर बहुधा मोलकरीण म्हणून. पहिला हंगाम संपल्यावर निकोल्सने मालिका सोडायचं ठरवलं. तिला रंगभूमीवर जायचं होतं. राजीनामाही तिने देऊन टाकला होता.

त्याच शनिवार-रविवारी एका निधी-संकलनाच्या कार्यक्रमात कुणीतरी तिला सांगितलं की तुमचा एक मोठा चाहता तुम्हाला भेटू इच्छितो. तिला वाटलं, असेल कुणी मालिकावेडा मुलगा. वळून बघते तो समोर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग! आपण मालिका सोडतोय हे तिने त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की तुम्ही सोडूच शकत नाही. रात्री उशिरापर्यंत जागून मुलांना बघू द्यावी, अशी त्यांच्या घरात ही एकच मालिका होती. निकोल्सने पुढे अनेक मुलाखतींत हा प्रसंग सांगितला. ती मालिकेत राहिली.

1977 मध्ये तिने नासासाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्याचं आवाहन करण्याचं काम हाती घेतलं. 1992 मध्ये अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन लहानपणी उहुराला बघतच मोठी झाली होती.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त काय आवडलं सांगू? एवढ्या मोठ्या चळवळीचा नेता आपल्या मुलांबरोबर बसून मालिका बघत होता. मुलं काय बघतात आणि त्यात त्यांना काय दिसतं, हे त्याला ठाऊक होतं.

आमचा दिवस

शेवटी ठरलं की मी सोबत जायचं. तिच्या अब्बांनी होकार दिला तो या अटीवर. हिरवा रंग लावायची मात्र त्यांची तयारी नव्हती! निळा लांब कुर्ता, लाल ओढणी आणि छातीवर सोनेरी वीज, असा पोशाख मी शिवला. डोक्यावर नेहमीचा स्कार्फ होताच. पहाटे निघालो.

आत शिरल्यावर मी दबकले. गर्दी, आवाज, मुखवटे. पण कुणी आमच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं नाही. उलट दोन मुली धावत आल्या आणि "कमला खान!" म्हणत लेकीबरोबर फोटो काढून गेल्या. माझी मान ताठ झाली. शिवण माझी होती ना!

कलाकाराच्या सहीच्या रांगेत आम्ही दोन तास उभ्या होतो. पुढे चार-पाच जण उरले आणि काउंटर बंद झालं. वेळ संपली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भांडायच्या तयारीत होते, तिनेच मला ओढून नेलं. वाटेत चित्रकारांची छोटी टेबलं होती. एका तरुण चित्रकाराने तिच्या हातातली वही पाहिली आणि विचारलं, "दाखवतेस?" त्याने एकेक पान उलटून बघितलं. इथे सावली चुकलीय, हात बघून काढायचा सराव कर, असं सांगत राहिला. चांगली दहा मिनिटं. त्याच्यापुढे रांग नव्हती. परतीच्या गाडीत ती त्याच्याबद्दलच बोलत होती आणि हात काढत होती. माझाच हात, वाऱ्यासाठी खिडकीवर ठेवलेला.

पालकांसाठी चार गोष्टी

आपलं मूल असं काही मागायला आलं तर माझ्या अनुभवातून एवढं सांगते.

नको म्हणण्याआधी त्याच्याबरोबर बसून ते काय बघतं ते बघा. मग नको म्हणालात तरी ते तुमचं ऐकून घेईल.

पहिल्या वेळी सोबत जा. आत चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. खर्चाचा आकडा घरूनच ठरवून निघा, कारण आत वस्तू महाग असतात. डबा आणि पाणी आत नेता येतं का, नमाजसाठी निवांत कोपरा मिळेल का, हे आयोजकांना आधी विचारा.

सही-फोटोची वेळ आणि टोकनची पद्धत सकाळीच समजून घ्या. आम्ही ती घेतली नाही.

पोशाख केलेल्या कुणाचाही फोटो न विचारता काढू नये आणि आपला काढू द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणावं, हे मुलांना सांगा. आणि हेही सांगा, की पडद्यावरचं पात्र वेगळं, ते करणारा माणूस वेगळा. त्या माणसाला थकवा येतो, कंटाळा येतो, त्याच्याकडून चुका होतात. त्याचं काम आवडलं तर कौतुक करावं. आदर्श निवडताना मात्र घाई करू नये.

घरी आल्यावर लेकीने सगळी हकीकत नानीला फोनवर सांगितली. मी स्पीकरवर ऐकत होते. नानीने पहिला प्रश्न विचारला, "मग भेटला का तो?"

"नाही नानी. आमचा नंबर यायच्या आधीच बंद झालं."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अम्मी म्हणाली, "असू दे. तू गेलीस तरी."