शरदात गरवायला निघालात?

नारळी पौर्णिमा होऊन गेली, पाऊस ओसरला, खाडीचं पाणी निवळलं, की कोकणात हौशी मंडळी गळ घेऊन बाहेर पडतात. इकडे याला ‘गरवणं’ म्हणतात. सगळ्यांचं स्वप्न एकच: मोठा जिताडा आणि त्याच्यासोबत फोटो!

पण जिताड्याची एक गंमत ठाऊक आहे का? तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी वाढून मादी होतो. म्हणजे तुमच्या हातातला तो धिप्पाड मासा बहुधा लाखो अंडी घालणारी मादी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठा जिताडा पाण्यात परत सोडावाच लागतो. आपणही मोठा सोडावा, मधला घरी न्यावा. कालवणाला तोच बरा लागतो!

सोडताना हात ओले करा. मासा नुसता जबड्याला धरून लटकवू नका, पोटाखाली आधार द्या. फोटो एकच, तोही झटपट.

आणि हो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडकाच्या टोकावर जाऊ नका. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. कालच्या वेळेवर आज विसंबू नका.