शेवटच्या नळाचे पाणी

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या सडकेवर नाते हे गाव लागते. मृगापासून या मुलखावर कोसळणारा पाऊस फाल्गुनापर्यंतही पुरत नाही आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. परंतु पाणी अधिक घातक होते ते वैपुल्याच्या महिन्यांत, कारण तेव्हा उतारावरची सारी घाण ओढ्यांवाटे विहिरींपर्यंत पोचते.

अशाच एका श्रावणसकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकासोबत मी टाकीवर गेलो. हजार लिटरांस सुमारे ५ ग्रॅम या दंडकाने त्याने टीसीएल ही क्लोरिनयुक्त पावडर मापून घेतली, थोड्या पाण्यात तिचा लगदा केला, मग बादली भरून ढवळली आणि चुना तळाशी बसल्यावर वरची निवळी तेवढी टाकीत ओतली. क्लोरिनला जंतूंचा नाश करावयास अर्धा तास तरी लागतो. तोवर गावाला पाणी सोडावयाचे नाही. पाणी गढूळ असले तर मातीच्या कणांआड जंतू दडून राहतात, म्हणून तुरटीने गाळ आधी बसवावा लागतो.

खरी परीक्षा झाली ती वाडीच्या टोकाच्या घरी.

"वहिनी, नळ सोडा जरा, औषध बघायचंय."

"बघा दादा, आज वास नाय येत."

काचनळीत क्लोरिन दाखविणाऱ्या 'ओटी' द्रावणाचे थेंब पडले आणि पाण्यावर पिवळेपणाची जेमतेम छटा उमटली. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला पाहिजे. इथे तो तेवढा नव्हता.

ती फिकट छटा पाहताना मला आठवले: याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरील हक्क बजावला, आणि सनातन्यांनी तळ्याच्या तथाकथित शुद्धीसाठी गोमय-गोमूत्रादींनी भरलेल्या घागरी त्यात बुडविल्या. ज्या मलद्रव्यांपासून जलाशय राखावे असे आरोग्यशास्त्र बजावते, तीच तिथे समारंभपूर्वक मिसळली गेली! पाणी निर्धोक असणे हा त्या हक्काचाच अंश आहे, असे मी मानतो. म्हणून टोकाच्या घरची ही तपासणी मला पंचायतीच्या दप्तरातील कोणत्याही नोंदीहून मोलाची वाटते.

क्लोरिन कमी पडण्याचे कारण शोधता सापडले: पावडरीचे पोते उघडेच राहिले होते, आणि दमट हवेत तिच्यातील क्लोरिन उडून जातो. जलसुरक्षकाने झाकणाचे कोरडे पिंप मागविले आणि दुसऱ्या दिवशीची मात्रा वाढविली.