मिथेन ओळखणारा मणी

बल्लारशाहून निघालेली गाडी बेल्लमपल्ली, मंदमर्री मागे टाकून मंचेरियलला पोहोचते. हा सारा सिंगरेणीचा कोळसापट्टा. येथील भुयारी खाणीत उतरणाऱ्या माणसाचा एक शत्रू त्याला दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. तो म्हणजे मिथेन वायू. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की एक ठिणगी पुरते. राणीगंज पट्ट्यातील चिनाकुडी खाणीत १९५८ साली झालेल्या स्फोटाने दीडशेहून अधिक कामगारांचा बळी घेतला.

१८१५ साली हंफ्री डेव्ही याने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविली. वायू आत येई, पण ज्वाळा भोकांतून बाहेर पडत नसे. आणि मिथेन असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढे. ती ओळखायला मात्र कसलेली नजर लागे.

१९६० च्या सुमारास ब्रिटनमधील संशोधकांनी ज्योतीची जागा एका मण्याला दिली. प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेवर ॲल्युमिनाचा इवलासा मणी, आणि त्यात पॅलाडियम. विजेने तो सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवितात. मिथेन त्याच्यावर ज्योतीवाचून जळतो, तार अधिक तापते, तिचा विद्युत्-रोध वाढतो आणि मीटर ते दाखवितो. बाहेरच्या उष्णतेने फसगत होऊ नये म्हणून शेजारी पॅलाडियम नसलेला दुसरा मणी असतो.

एवढ्याशा मण्यावर एवढे काम होते कसे? खडूप्रमाणे तो सच्छिद्र असतो. पण त्याची छिद्रे काही नॅनोमीटरचीच. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा एक ग्रॅम ॲल्युमिनातील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर शंभर चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे दोन वर्गखोल्यांच्या जमिनीएवढी जागा व्यापतील. मिथेनचा रेणू या छिद्रांत सहज शिरतो.

मात्र छिद्रे बुजली की सारेच संपले. काही पॉलिशांत व वंगणांत सिलिकोन असते. त्याची वाफ मण्यावर जळून वाळूच्याच जातीचा थर मागे ठेवते. मग भोवती मिथेन असूनही मीटर शून्य दाखवितो. बंद पडलेले घड्याळ निदान थांबलेले तरी दिसते. हा शून्य निर्मळ हवेच्या शून्याहून निराळा दिसत नाही. म्हणून नव्या यंत्राच्या खरेदीपेक्षा मला साधी चाचणी अधिक मोलाची वाटते. खाली उतरण्यापूर्वी, प्रमाण ठाऊक असलेला मिथेन यंत्रापुढे सोडायचा आणि आकडा बरोबर येतो का ते पाहायचे. सिलिकोनने बुजलेला मणी धुऊन साफ होत नाही. तो बदलावाच लागतो.