भाकड काळाचा हिशेब : मुऱ्हा म्हैस, मुंबईचे तबेले आणि आणंद

उद्दिष्ट : म्हैसपालनाचे अर्थकारण दुधाच्या लिटरांइतकेच दूध न देणाऱ्या दिवसांवरही ठरते, हे उदाहरणाने समजून घेणे.

१. पार्श्वभूमी

पाळीव म्हशींचे दोन मुख्य प्रकार आहेत. चीन व आग्नेय आशियात भातशेतीच्या कामासाठी पाळली गेलेली दलदली म्हैस (४८ गुणसूत्रे) आणि भारत, पाकिस्तान, इजिप्त, इटली येथील दुधाळ नदी-म्हैस (५० गुणसूत्रे). जगातील निम्म्याहून अधिक म्हशी भारतात आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार त्या सुमारे १०.९८ कोटी होत्या. गाईच्या दुधात साधारण ४ टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के. म्हणूनच शहरांत त्याला चांगला भाव मिळतो.

रोहतक, जिंद, हिसार या भागातील मुऱ्हा ही सर्वांत नावाजलेली जात. तिला ‘दिल्ली म्हैस’ असेही म्हटले जाते. ताज्या व्यालेल्या मुऱ्हा म्हशी रेल्वेने थेट मुंबईच्या तबेल्यांत जात.

२. वेताचे चक्र

म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण राहते. व्यायल्यावर ती साधारण १० महिने दूध देते आणि पुढचे वेत १४-१५ महिन्यांनी येते. मधले ४-५ महिने ती भाकड असते. वेळेवर फळवली नाही, तर हा काळ आणखी लांबतो. उत्पन्न शून्य, वैरण मात्र रोज लागते.

३. सोडवलेले उदाहरण (आकडे मानलेले)

भाकड काळ १५० दिवस. रोजचा खर्च शहरात २०० रुपये, गावात ८० रुपये.

शहरात सांभाळणे : १५० × २०० = ३०,००० रुपये.
खाटकाला ६५,००० रुपयांना विकून ९०,००० रुपयांची ताजी म्हैस घेणे : फरक २५,००० रुपये.
गावी पाठवून परत आणणे : १५० × ८० + वाहतूक ५,००० = १७,००० रुपये.

गावी पाठवायची सोय नसेल, तर तबेलेवाल्याला विकणेच परवडते. पण हाच निर्णय हजारो तबेल्यांत घेतला गेला, की एकदोन वेतांतच उत्तम म्हशी संपतात. त्यांची रेडकेही जगत नाहीत. एकाचा फायदा असा साऱ्या जातीचा तोटा ठरतो.

४. दोन उपाय

पहिला उपाय म्हणजे तबेले हलवणे. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. शहराच्या दाटीतल्या म्हशींना मोकळी जागा, स्वच्छ गोठे मिळाले. मात्र म्हशींची मालकी तबेलेवाल्यांकडेच राहिली. त्यामुळे भाकड म्हशीचा हिशेब बदलला नाही.

दुसरा उपाय म्हणजे म्हैस गावातच ठेवून दूध हलवणे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या खेडा जिल्हा सहकारी संघाने आणंदहून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या मुंबईला पाश्चरीकृत दूध पाठवले. हंगामात उरणाऱ्या दुधाचा प्रश्न होताच. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असा तज्ज्ञांचा समज हरिचंद दलाया यांनी १९५५ मध्ये खोटा ठरवला. शेतातला कडबा आणि बांधावरचे गवत खाऊन भाकड म्हैस गावात तग धरते, पुन्हा वितेही. शीतकरण व वाळवणी या अभियांत्रिकी प्रक्रियांनी अशा रीतीने पशुधनही वाचवले.

५. सरावासाठी

(अ) वरील उदाहरणात शहरातील रोजचा खर्च किती असेल, तर सांभाळणे आणि विकणे सारखेच पडेल?
(आ) भाकड काळ २१० दिवस झाल्यास तिन्ही पर्यायांची तुलना करा.