विमानाच्या नाकावर सहा किलो

बैलगाडी भरणारा जाणता माणूस पोती कशीही टाकत नाही. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर ती धुरजड होते आणि सगळा बोजा बैलांच्या मानेवर येतो. मग गाडीवान एखादं पोतं हातभर सरकवतो आणि गाडी पुन्हा तोलात येते. छोट्या विमानाचं गणित यापेक्षा फारसं वेगळं नाही. फरक इतकाच, की उलाळ झालेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात ती सोय नसते.

ज्या बिंदूखाली टेकू दिला तर अख्खं विमान समतोल राहील, तो त्याचा गुरुत्वमध्य. विमानाचा आराखडा करणारे या बिंदूसाठी एक पट्टा ठरवून देतात. बहुतेक छोट्या विमानांत हा पट्टा वीतभराच्या आसपास असतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे गेला तर नाक जड होतं आणि उतरताना ते उचलणं कठीण जातं. मागे गेला तर प्रकरण जास्त गंभीर. बाणाचं टोक जड असतं म्हणून तो सरळ जातो. बाणाचं शेपूट जड केलं तर तो भरकटेल. शेपूटजड विमानाचं नाक एकदा वर गेलं की आपसूक खाली येत नाही. वेग घटतो, पंखांची उचल संपते आणि विमान गिरकी घेत कोसळू शकतं.

२५ ऑगस्ट २००१ रोजी बहामा बेटांवर मार्श हार्बर इथून उडालेलं सेसना ४०२-बी विमान काही क्षणांत कोसळलं. अमेरिकन गायिका आलिया हिच्यासह विमानातले नऊही जण मृत्युमुखी पडले. तपासात आढळलं, की विमानात प्रमाणाबाहेर वजन होतं आणि गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे गेला होता.

आता आपल्या विषयाकडे येऊ. अमेरिकेत बरेच हौशी लोक सुटे भाग आणून घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. ऑरेगन राज्यातल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी आरेखन केलेलं ‘आरव्ही-४’ हे अशांपैकी एक लोकप्रिय विमान. १९७९ साली ते पहिल्यांदा उडालं. त्यात दोन माणसं एकामागे एक बसतात, आणि तिथेच तोलाचा प्रश्न येतो. समजा, वैमानिकासह विमानाचं वजन ६०५ किलो आहे. गुरुत्वमध्याच्या एक मीटर मागे ७५ किलोंचा माणूस बसला, तर गुरुत्वमध्य एकदम ११ सेंटिमीटर मागे सरकतो. म्हणजे अर्धी वीत एका माणसानेच खाल्ली. भरीला इंधनाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेत असतात. पेट्रोल जळत जातं तसा पुढचा भार कमी होतो. उडताना तोलात असलेलं विमान उतरताना उलाळ झालेलं असू शकतं.

त्यातून बांधणाऱ्याने धातूऐवजी लाकडी प्रॉपेलर निवडला, तर पुढचा भार आणखी घटतो. लाकडी प्रॉपेलर स्वस्त आणि हलका. पण धातूच्या प्रॉपेलरपेक्षा तो दहा किलोंनी हलका असेल, तर नेमक्या नाकावरचेच दहा किलो गेले. मग ते वजन काही अंशी परत आणण्यासाठी प्रॉपेलरच्या बुडाशी पोलादी चकती बसवतात, किंवा त्याच्या पुढची दाबपट्टी ॲल्युमिनियमऐवजी पोलादाची घेतात. इंजिन आणि प्रॉपेलर यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा ठोकळा, असतोच. त्यामुळे प्रॉपेलर इंजिनाच्या झाकणापासून मोकळा फिरतो.

आता गंमत बघा. पुष्कळांना वाटतं, लांब स्पेसर लावला की प्रॉपेलर पुढे जाईल आणि काम भागेल. हिशेब करून पाहू. सात किलोंचा प्रॉपेलर दहा सेंटिमीटर पुढे नेला, तर ६८० किलोंच्या विमानाचा गुरुत्वमध्य जेमतेम एक मिलिमीटर पुढे येतो. पण गुरुत्वमध्याच्या १७० सेंटिमीटर पुढे सहा किलोंची चकती बसवली, तर तो दीड सेंटिमीटर पुढे येतो. हीच तरफेची करामत. थोडं वजन, पण लांबच्या टोकाला.

मात्र हे वजन फुकट मिळत नाही. सहा किलो चकती म्हणजे सुमारे आठ लिटर पेट्रोल कमी. शिवाय ही चकती स्वस्थ बसून राहत नाही, मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेते. ती केंद्रापासून केसभर सरकलेली असली, तरी सारं विमान थरथरतं. फिरता भोवरा कलवायला गेलं की तो हाताला हिसका देतो. तसंच विमान नाक वळवतं तेव्हा फिरतं वजन इंजिनाच्या दांड्याला वाकवू पाहतं. स्पेसर जितका लांब तितका हा ताण जास्त. पाण्याची बादली अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं, यात फरक असतोच ना?

बोल्टचीही काळजी आहे. लांबी बदलली की बोल्ट बदलावे लागतात आणि ते ठरवून दिलेल्या जोरानेच आवळावे लागतात. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. म्हणून ऋतू बदलला की लाकडी प्रॉपेलरचे बोल्ट पुन्हा तपासायचे. कारखान्यात तयार झालेल्या प्रमाणित विमानात तर असा बदल मंजुरीशिवाय करताच येत नाही.

म्हणून शहाणा बांधणारा चकतीकडे शेवटी वळतो. आधी तो विमानात आहे तेच वजन हलवून बघतो. बॅटरी मागे असेल तर ती इंजिनाच्या बाजूला घेतो. गाडीवान तरी काय करतो? आधी पोतं सरकवतो, लगेच दगड भरत नाही. त्यानंतरही कमी पडलं तर चकती. ती बसवल्यावर तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून विमान पुन्हा तोलायचं, नवे आकडे नोंदवायचे, आणि भरलेली टाकी, रिकामी टाकी, मागे माणूस, मागे कुणी नाही, असे सगळे हिशेब कागदावर करायचे.

हे काम एका दुपारचं आहे आणि त्याला वजनकाटे, मोजपट्टी व पेन्सिल पुरते. नजरेने अंदाज बांधणारा गाडीवान चुकला, तर फार तर पोती सांडतील. वैमानिकाने तो अंदाज जमिनीवर असतानाच मोडीत काढायचा असतो.