उतारावरचे विद्यानगर : इथाकाला निघालेल्या आईवडिलांसाठी

मुले परदेशी शिकावयास गेली, की दोन-तीन वर्षांत आईवडिलांनाही तिकडून बोलावणे येते. कुणाच्या मुलाचा पदवीदान समारंभ असतो, कुणाच्या मुलीचे बाळंतपण असते, तर कुणाला केवळ भेटीची ओढ असते. माझ्या दवाखान्यात दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये अशी काही जोडपी येतात आणि गोळ्यांची यादी इंग्रजीतून लिहून मागतात. न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या महानगरांची त्यांना बरीच माहिती असते. मात्र अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे लहान गावांत वसलेली आहेत, आणि त्या गावांतील चढ-उतार, हवा व वैद्यकीय सोयी यांविषयी त्यांना फारसे कोणी सांगत नाही. न्यूयॉर्क राज्यातील इथाका हे असेच एक गाव. माझी भाची तेथे शिकत असताना मी सप्टेंबरमध्ये दहा दिवस तेथे राहिले. साठी ओलांडलेल्या प्रवाशाने हे सुंदर गाव कसे पाहावे, हा विचार त्या दहा दिवसांत सतत मनात होता. तोच आपल्यापुढे मांडते.

गावाची ठेवण

हिमयुगातील हिमनद्यांनी उत्तर-दक्षिण खोल चर कोरले आणि त्यांत पाणी साठून अकरा लांबट सरोवरे तयार झाली. हाताच्या बोटांसारखी दिसतात म्हणून त्यांना ‘फिंगर लेक्स’ म्हणतात. त्यांपैकी सर्वांत लांब ते केयुगा सरोवर. त्याची लांबी सुमारे ६१ किलोमीटर असून सर्वाधिक खोली १३० मीटरांहून अधिक आहे. येथील मूळ रहिवासी असलेल्या केयुगा लोकांचे नाव त्याला मिळाले आहे. या सरोवराच्या दक्षिण टोकाशी इथाका वसले आहे. वस्ती जेमतेम बत्तीस हजारांची. पूर्वेच्या टेकडीवर १८६५ साली स्थापन झालेले कॉर्नेल विद्यापीठ आहे, तर दक्षिणेच्या टेकडीवर इथाका कॉलेज. रतन टाटा यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण कॉर्नेलमध्येच घेतले. पुढे टाटा न्यासाने भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी या विद्यापीठाला मोठी देणगी दिली.

प्रवाशाच्या दृष्टीने या गावाचे दोन मजले आहेत. खालचा मजला सरोवराकाठचा, सपाट. वरचा मजला टेकड्यांवरचा. दोहोंच्या मधले रस्ते चांगलेच उभे आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चढताना धाप लागते किंवा छातीत जड वाटते, त्यांनी एकच नियम पाळावा : मजला बदलताना वाहन वापरावे आणि चालणे त्या-त्या मजल्यावरच करावे. गावात सार्वजनिक बससेवा आहे. उतरणे सोपे, म्हणून येताना चालत येऊ, असे पुष्कळांना वाटते. परंतु उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा अधिक ताण पडतो. काठी वापरत असाल, तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे घोकून ठेवावे.

निघण्यापूर्वी

मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंतचा थेट विमानप्रवास पंधरा-सोळा तासांचा आहे, आणि तेथून इथाका रस्त्याने आणखी चार-पाच तासांवर आहे. हे सर्व एका दमात करू नये. वाटेत एक रात्र विश्रांती घेतली, तर शरीर बरेच सावरते. विमानात दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे व पोटऱ्या हलवाव्यात आणि पाणी पीत राहावे. फार वेळ पाय लोंबते राहिले, तर पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एका पोटरीत सूज व दुखणे, किंवा अचानक धाप लागणे, ही तिची लक्षणे आहेत. ती प्रवासानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही उद्भवू शकतात. पूर्वी अशी गुठळी झाली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार झाले असतील, तर जाण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

इथाकाचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना आपला दिवस लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या लांबलेल्या दिवसाचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. अंदाजाने मात्रा वाढवू वा गाळू नये.

औषधे हातातील पिशवीत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे असावीत, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथे कुणालाही कळत नाहीत. आपले पॅरासिटामॉल तेथे ‘अॅसिटामिनोफेन’ या नावाने मिळते. हे ठाऊक नसल्याने काही जण दोन्ही एकदम घेतात, आणि त्याचा भार यकृतावर पडतो. सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपुरतीच औषधे न्यावीत. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध चिठ्ठीवाचून बाळगू नये. नेहमीची प्रतिजैविकेही तेथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

खालच्या मजल्यावरचे दिवस

पहिले तीन-चार दिवस सरोवराकाठीच घालवावेत. स्टुअर्ट पार्क हे काठावरचे सपाट उद्यान आहे. सकाळचे कोवळे ऊन डोळ्यांवर पडले, की शरीराचे घड्याळ तेथील वेळेशी लवकर जुळते. म्हणून दुपारी ताणून झोपण्यापेक्षा सकाळी काठाने फिरणे हा जागरणावरचा उत्तम उपाय आहे. येथे पाणथळ पक्षी पुष्कळ दिसतात.

उबदार महिन्यांत शनिवार-रविवारी पाण्याच्या काठी, लाकडी छपराखाली, शेतकऱ्यांचा बाजार भरतो. भाज्या, फळे, मध आणि नाना देशांचे तयार खाद्यपदार्थ तेथे मिळतात. गावात १९७३ साली सुरू झालेले, शाकाहारासाठी नावाजलेले ‘मूसवूड’ उपाहारगृहही आहे. म्हणून शाकाहारी वाचकांनी उपासमारीची धास्ती बाळगू नये. ज्यांना हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांनी मात्र बाहेरचे सूप, चीज आणि डबाबंद पदार्थ बेताने खावेत. त्यांतील मिठामुळे दोन दिवसांत पाय सुजलेले मी पाहिले आहेत.

गावाच्या मध्यभागी ‘कॉमन्स’ हा केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेला रस्ता आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन कॉर्नेलमध्ये शिकवीत. त्यांच्या स्मरणार्थ १९९७ साली येथे सूर्यमालेची प्रतिकृती उभारण्यात आली. कॉमन्सवरील सूर्याच्या स्तंभापासून निघून एकेक ग्रह ओलांडीत सुमारे १.२ किलोमीटरवर प्लूटो गाठता येतो. नातवंडांना बरोबर घेऊन, हवे तेथे थांबत चालावे. दम लागला तर गुरूपाशी परतण्यात कमीपणा नाही.

वरचा मजला आणि धबधबे

कॉर्नेलच्या आवारात वाहनाने जावे. तेथील जॉन्सन कलासंग्रहालय आय. एम. पै या वास्तुशिल्पीने रचलेले असून प्रवेश विनामूल्य आहे. उद्वाहनाने पाचव्या मजल्यावर गेले, की सरोवर दूरवर पसरलेले दिसते. शेजारच्या घंटामनोऱ्यावरूनही असेच दृश्य दिसते. पण त्यासाठी १६१ पायऱ्या चढाव्या लागतात. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आपण आजही न थांबता चढत असाल, तरच त्याचा विचार करावा. घंटांचे वादन खाली बाकावर बसूनही उत्तम ऐकू येते. पक्ष्यांची आवड असेल, तर विद्यापीठाच्या पक्षी-अभ्यास केंद्राभोवतीचे सॅपसकर वूड्स हे राखीव रान सपाट वाटांचे आहे.

इथाकाची ख्याती घळी आणि धबधब्यांसाठी आहे. गावातून विद्यापीठाकडे जाणारी कॅस्केडिला घळीची वाट मोहक असली, तरी ती सुमारे १२० मीटर चढते, आणि तिच्या दगडी पायऱ्या ओल्या असतात. तोल जाणाऱ्यांनी ती टाळावी. त्याऐवजी बटरमिल्क धबधबा पाहावा. तो वाहनतळाजवळूनच दिसतो. टगॅनक धबधबा गावाबाहेर, सरोवराच्या पश्चिम काठाने गेल्यावर लागतो. त्याची उंची २१५ फूट, म्हणजे नायगाऱ्याहूनही अधिक आहे. घळीच्या तळातून तेथे जाणारी वाट रुंद आणि जवळपास सपाट असून एका बाजूने सुमारे सव्वा किलोमीटर आहे. तेवढेही शक्य नसेल, तर वरच्या रस्त्यालगतच्या कठड्यापाशी मोटार थांबवून धबधबा पाहता येतो.

गवत, पाणी आणि बर्फ

या भागातील गवतात व झुडपांत गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून ‘लाइम’ नावाचा आजार होऊ शकतो. वाटेच्या मधून चालावे, पायघोळ पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर काखा, जांघा व गुडघ्यांमागची जागा तपासावी. गोचीड चिकटलेली आढळल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. पुढील महिन्याभरात त्वचेवर पसरत जाणारा लालसर चट्टा, ताप किंवा सांधेदुखी उद्भवली, तर डॉक्टरांना दाखवावे. तोवर आपण भारतात परतला असाल, तर प्रवासाचा उल्लेख आवर्जून करावा. आपल्याकडील डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा येत नाही. वेळीच निदान झाल्यास प्रतिजैविकांनी तो बरा होतो.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सरोवराच्या काही भागांत हिरवट, रंग सांडल्यासारखा तवंग येतो. तो विषारी असू शकतो. अशा पाण्यात पाय घालू नयेत आणि नातवंडांनाही जाऊ देऊ नये. मधुमेही व्यक्तींनी काठावरच्या दगडगोट्यांतून अनवाणी चालणे सर्वस्वी टाळावे.

जून ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा ज्येष्ठांसाठी उत्तम काळ आहे. मेअखेरीस पदवीदानामुळे राहण्याच्या जागा भरून जातात. हिवाळ्यात मात्र तापमान शून्याखाली उतरते, घळींतील बऱ्याच वाटा बंद होतात आणि उभ्या रस्त्यांवर बर्फ गोठतो. थंडीने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, तहान लागत नाही. बाळंतपणासाठी जानेवारीत जावेच लागले, तर खाचांच्या तळव्याचे बूट घ्यावेत आणि घरासमोरचा बर्फ उपसण्याचे काम हृदयरोग्याने हाती घेऊ नये.

सांगितले पाहिजे ते

आता सर्वांत महत्त्वाचे. माझे एकाहत्तर वर्षांचे एक मधुमेही रुग्ण अमेरिकेतील अशाच एका विद्यापीठाच्या गावी मुलीकडे गेले होते. नव्या बुटाने अंगठ्याला फोड आला. तेथला दवाखाना परवडणार नाही, मुलीला उगाच खर्चात कशाला घालायचे, या विचाराने तीन आठवडे ते मोजे घालूनच घरात वावरले. परतल्यावर माझ्याकडे आले तेव्हा अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला. “बाबा एवढ्या लवकर का झोपायला जातात, ते मला कळलंच नाही,” असे मुलगी फोनवर म्हणाली.

अशी लपवाछपवी मायेपोटी होते, हे मी जाणते. तिचे मूळ खर्चाच्या भीतीत आहे, म्हणून तिचा बंदोबस्त निघण्यापूर्वीच करावा. प्रवासी आरोग्यविमा घ्यावा आणि जुन्या आजारांविषयीची त्यातील कलमे मुलांनी स्वतः वाचावीत, कारण पुष्कळ विमे असे आजार वगळतात. किरकोळ तक्रारींसाठी ‘अर्जंट केअर’ नावाचे दवाखाने असतात. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागापेक्षा तेथे खर्च सहसा पुष्कळ कमी येतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातातील शक्ती जाणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले, तर ९११ हा क्रमांक फिरवावा. इथाकामध्ये ‘केयुगा मेडिकल सेंटर’ हे रुग्णालय आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागाला आधी रुग्णाची प्रकृती स्थिर करावी लागते. पैशाचा विषय त्यानंतरचा. बिल पुढे येते आणि मोठेही असते, हे खरे. पण फोड असताना दाखवले तर जे बिल येते, ते अंगठा काळा पडल्यावर येणाऱ्या बिलाच्या तुलनेत किरकोळ असते.

मुलामुलींनीही एक करावे. आईवडील पोहोचतील त्या दिवशीच त्यांच्यासमवेत बसून आजार, औषधे, अॅलर्जी आणि येथील डॉक्टरांचा दूरध्वनी एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावा. दर रविवारी त्यांचे पाय स्वतः पाहावेत. “बरे आहात ना?” या प्रश्नाला आपल्याकडील आईवडील नेहमी “हो” असेच उत्तर देतात, म्हणून “काल झोप किती लागली, जिना चढताना थांबावे लागले का, पायाला कुठे लागले आहे का,” असे नेमके विचारावे. दिवसभर मुले कामावर असताना आईवडिलांना एकट्याने सरोवराकाठी जाता यावे, म्हणून बसचा मार्ग एकदा बरोबर जाऊन दाखवावा, आणि घराचा पत्ता व एक चालू भ्रमणध्वनी त्यांच्या खिशात असू द्यावा.